एअरबॅग लावल्यानं ट्रकची वजनमर्यादा वाढत नाही

अमेरिकेत पिकअप ट्रकनं फिफ्थ-व्हील ट्रेलर (पुढचं टोक ट्रकच्या हौद्यात टेकणारा मोठा ट्रेलर) ओढणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज चालत आलाय: ट्रक मागून खाली बसला की स्प्रिंगला एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या, अपघातात फुगणाऱ्या नव्हेत) लावायच्या, मग जास्त वजन चालतं. हे साफ चूक आहे. एअरबॅग ट्रक सरळ उभा करतात, एवढंच. अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात आणि त्यांच्यावरचं वजनही तेवढंच.

या ट्रेलरचा पुढचा भार थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास येतो. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण २० टक्के धरा: १२,००० पौंडांना २,४०० पौंड. त्यात हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), घरची माणसं, कुत्रा, अवजारं मिळवा. आता ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती चालेल, ते तिथं छापलेलं असतं. हाफ-टन ट्रकवर (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) हा आकडा बहुधा २,००० पौंडांच्या आतच असतो! जाहिरातीतली ओढण्याची क्षमता कितीही मोठी असो, आधी संपतो तो हाच आकडा.

निघण्याआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक-स्टॉपच्या काट्यावर गाडी घाला. मागच्या अ‍ॅक्सलचं वजन तिथं वेगळं मिळतं. ते दाराच्या खांबावर छापलेल्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा.