सिलिंडर जड, तरी शेगडी विझली

"मामा, एजन्सीने सिलिंडरमध्ये पाणी भरून दिलंय." भाचा हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझाहून फोनवर चिडून बोलत होता. फेब्रुवारीतली सकाळ, बाहेर उणे 20 अंश. स्वतःच्या हाताने बांधलेल्या कॅम्पर व्हॅनमधली शेगडी मिणमिणून विझली होती. सिलिंडर मात्र चांगला जड, हलवला तर आत काहीतरी डचमळत होतं.

ते पाणी नव्हतं, ब्यूटेन होतं, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचाच एक घटक, द्रवरूपात. एजन्सीचा यात काहीही दोष नाही.

सिलिंडरमध्ये मुख्यतः द्रव असतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. शेगडीत जळते ती ही वाफ. नॉब फिरवला की वाफ बाहेर पडते, दाब किंचित उतरतो आणि खालचा द्रव उकळून ती तूट भरून काढतो. म्हणजे आतला दाब सिलिंडर किती भरलाय यावर ठरतच नाही. तो ठरतो द्रव कोणता आणि किती थंड आहे यावर. शुद्ध प्रोपेन असेल तर 20 अंशांना दाब हवेच्या दाबाच्या आठ पटींहून जास्त असतो, सिलिंडर काठोकाठ असो की तळाला चार बोटं उरलेला. मला ही गोष्ट शाळेत कळली तेव्हापासून आजवर तिचं नवल ओसरलेलं नाही.

पण आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं, आणि गंमत तिथेच आहे. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतं, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. समजा 40 भाग प्रोपेन, 60 भाग ब्यूटेन. उणे 20 अंशांना एकट्या प्रोपेनचा दाब सुमारे 2.4 बार (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब), ब्यूटेनचा जेमतेम 0.45. दोघं आपापल्या वाट्याइतका दाब देतात: 0.96 आणि 0.27, मिळून सव्वा बारच्या आसपास. आता वाफेत कोण किती ते पाहा. द्रवात प्रोपेन 40 टक्के, वाफेत मात्र जवळपास 80! प्रत्येक चहागणिक प्रोपेन भराभर निघून जातं आणि मागे ब्यूटेन साचत राहतं. द्रवात प्रोपेन दहा टक्क्यांवर आलं की एकूण दाब उरतो 0.65 बार. काझा सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे, तिथल्या हवेचा दाबही साधारण तेवढाच. आतबाहेर दाब सारखा, मग वायूने बाहेर यावं कशाला? समुद्रसपाटीवर एवढी थंडी असती तर शेगडी याच्याही बरीच आधी विझली असती. उंचीने भाच्याला थोडी मदतच केली.

शिवाय एक किलो द्रवाची वाफ व्हायला जी उष्णता लागते, तिच्यात शून्य अंशाचं लिटरभर पाणी जवळजवळ उकळीला येईल. ती उष्णता द्रव स्वतःतूनच काढतो आणि आणखी गार होतो. सिलिंडरवर दव धरतं ते यामुळे.

म्हणून ब्रिटनमधले कॅराव्हॅनवाले हिवाळ्यात ब्यूटेन सोडून प्रोपेनचा सिलिंडर घेतात. अमेरिकेतल्या व्हॅनच्या टाक्यांतही बहुतांश प्रोपेनच असतं. आपल्याकडच्या मिश्रणावर इलाज एवढाच, की पुण्यापासून वापरत आणलेला अर्धा सिलिंडर वर नेऊ नये, भरलेला न्यावा. सिलिंडरखाली जाळ करणं किंवा ब्लो-टॉर्चने शेकणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे.

फोनवरच कळलं की सिलिंडर बिछान्याखाली आडवा ठेवला होता. माझ्या अंगावर काटा आला. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. दोन्ही जमिनीलगत पसरतात. हवेत दोनेक टक्के वायू मिसळला की ठिणगी पुरते. व्हॅनचं आतलं आकारमान दहा घनमीटर धरा, म्हणजे लिटरभर द्रवाची गळती सगळी व्हॅन पेटायला पुरेशी आहे.

त्यामुळे सिलिंडर उभाच हवा, पट्ट्याने आवळलेला, झोपायच्या जागेपासून हवाबंद अशा पेटीत. पेटीचं दार बाहेर उघडणारं आणि तळाला थेट बाहेर जाणारं भोक. जोडणी तपासायची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून कधीच नाही. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. गॅसचा अलार्म जमिनीजवळ लावायचा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर नाक येतं त्या उंचीला. शेगडी पेटवून ऊब घेत झोपायचं नाही, कारण हवा कोंडली की हाच बिनवासाचा वायू तयार होतो. किलोभर प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफही निघते, काचांवरून सकाळी ओघळतं ते हेच.

नवीन व्हॅनची पूजा होते, आरशाला लिंबू-मिरची बांधली जाते, रील काढली जाते, आणि अलार्म 'पुढच्या ट्रिपला बघू' म्हणून राहून जातो. मला याचा राग येतो. लिंबाला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही.

भाचा आता पेटी बसवतोय. तळाचं भोक किती मोठं ठेवू, असं परवा विचारत होता. मूठ जाईल एवढं ठेव म्हटलं, सायलेन्सरपासून लांब, आणि जाळी लाव, नाहीतर पहिल्याच पावसात चिखलाने बुजेल.