तंजावर पाहायला जाण्यापूर्वी

तंजावरला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बृहदीश्वराचं देऊळ, आणि दुसरी म्हणजे 'तिथे आपलं राज्य होतं' ही शाळेत कानावर पडलेली माहिती. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर भेटतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. देवळाच्या प्रशस्त आवारात नैर्ऋत्येच्या बाजूला भोसले घराण्याचा सबंध इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेत कोरून ठेवला आहे. साल १८०३. सर्वांत मोठा मराठी शिलालेख म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण मला त्याच्या लांबीपेक्षा त्याचं साल महत्त्वाचं वाटतं. ज्या सरफोजीराजांनी तो कोरवला, त्यांच्या हातून राज्यकारभार चारच वर्षांपूर्वी गेला होता. राज्य गेल्यावर घराण्याचा इतिहास दगडात कोरावासा का वाटला असेल? याचं उत्तर हवं असेल तर तंजावरची मागची हजार वर्षं थोडी चाळावी लागतात.

भिंतींवर लिहिण्याची रीत या देवळाला जन्मापासूनची आहे. विजयालय चोळाने नवव्या शतकाच्या मध्याला तंजावर घेतलं आणि त्याच्या वंशातल्या राजराजाने १०१० मध्ये हे देऊळ पुरं केलं. गाभाऱ्यावरचं शिखर दोनशे फुटांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं. शिखर पाहून मान दुखते, म्हणून पुष्कळ जण जोत्याकडे बघतच नाहीत, आणि खरी गंमत तर तिथे आहे. आम्ही जे दिलं, आमच्या थोरल्या बहिणीने जे दिलं, राण्यांनी आणि इतरांनी जे दिलं, ते सगळं दगडावर कोरा, अशी राजराजाची आज्ञा तिथे वाचायला मिळते. मग दागिने, मूर्ती, दिव्यांसाठी दिलेली जनावरं, गावोगावचं भात यांचा हिशेब सुरू होतो. वेगवेगळ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची यादी तर नावानिशी आहे: कोण कुठल्या देवळातून आली आणि तिला कुठल्या ओळीतलं कितवं घर दिलं, इतक्या तपशिलाने. दगडाचं दप्तरच म्हणायचं.

चोळ गेले, मध्ये पांड्य आले, पुढे विजयनगरच्या छायेत सोळाव्या शतकात नायकांचं राज्य उभं राहिलं. आज आपण जो राजवाडा पाहतो त्याचा मूळ भाग त्यांचा. देवळातला प्रचंड नंदीही त्यांच्याच काळातला मानला जातो. नायकांच्या दरबारी साहित्याची भाषा तेलुगू होती आणि पुढे मराठ्यांनीही ती चालू ठेवली, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जातं.

१६७३ मध्ये मदुराईच्या नायकाने तंजावरवर चाल केली आणि त्या लढाईत तंजावरचा विजयराघव नायक मारला गेला. गादीचा वारस विजापूरच्या आदिलशहाकडे दाद मागायला गेला. आदिलशहाने या कामगिरीवर पाठवले ते शहाजीराजे आणि तुकाबाईंचे चिरंजीव व्यंकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे होती. नायकाला गादीवर बसवायला गेलेले व्यंकोजी १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच तंजावरचे धनी झाले.

दोन भावांची गाठ पडली ती १६७७ च्या उन्हाळ्यानंतर, दक्षिण दिग्विजयात. महाराजांचा तळ कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला होता. व्यंकोजी भेटीला आले, काही दिवस राहिले. महाराजांनी वडिलांच्या मिळकतीतला वाटा मागितला आणि बोलणी फिसकटली. एका रात्री व्यंकोजी कोणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला परतले. पुढे व्यंकोजींच्या फौजेची महाराजांच्या सैन्याशी लढाई झाली, तीत व्यंकोजींची बाजू पडली आणि मग तह झाला. रघुनाथपंत हणमंते मध्यस्थ होते. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी या समेटात मोठी समज दाखवली. महाराजांनी तहात काही मुलूख त्यांना चोळीबांगडीसाठी म्हणून तोडून दिला. नंतर व्यंकोजी खिन्न होऊन बसले, कारभारातून लक्ष काढून घेतलं, तेव्हा महाराजांनी त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हे वैराग्य आता कशाला, उठा, पराक्रम करा, असा त्याचा सूर आहे. भांडण झालेल्या भावाला इतक्या मायेने आणि इतक्या खडसावून लिहिलेली पत्रं इतिहासात फारशी सापडत नाहीत.

व्यंकोजींचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला आणि तंजावरचं मराठी राज्य खऱ्या अर्थाने त्या मातीत रुजलं. त्याने कावेरीकाठचं तिरुविसनल्लूर १६९३ मध्ये ४६ पंडितांना अग्रहार, म्हणजे इनाम गाव, म्हणून दिलं, त्यामुळे गावाला शहाजीराजपुरम हे नाव पडलं. तो स्वतः तेलुगूत लिहीत असे, मराठीतही. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभं केलं, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली जात होती. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण तंजावरचा उल्लेख एका ओळीत उरकतो, याचं मला वाईट वाटतं.

या वैभवाचा पैसा यायचा भातातून. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे दक्षिणेचं कोठार, त्यामुळे पैशाच्या चणचणीत असलेल्या प्रत्येकाचा डोळा तंजावरवर. अर्काटचा नवाब खंडणी मागायचा. नवाबावर ईस्ट इंडिया कंपनीचं आणि इंग्रज सावकारांचं कर्ज, आणि ते फेडायला त्याला तंजावर हवं. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने नवाबासाठी तंजावर घेतलं, तिथले राजे तुळजाजी यांना कैद केलं. १७७६ मध्ये लंडनहून आलेल्या हुकमाने राज्य परत मिळालं, पण तिजोरी रिकामी झाली होती. तुळजाजींना वारस नव्हता. मृत्यूआधी १७८७ मध्ये त्यांनी भोसले घराण्याच्याच एका शाखेतला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सरफोजी.

तुळजाजींच्या मागे त्यांचे बंधू अमरसिंह यांनी दत्तकाला बाजूला सारून गादी घेतली. लहानग्या सरफोजीला जपलं ते श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून राजांनी ते करवून घेतलं आणि आपल्या गुरूसाठी स्वतः इंग्रजी ओळी रचल्या. श्रद्धा मात्र त्यांनी बदलली नाही. तंजावरला गेलात तर देवळाजवळचं हे चर्च चुकवू नका.

कंपनीने १७९८ मध्ये सरफोजींना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी तहावर सही घेतली. मुलूख कंपनीचा. राजांकडे राहिला किल्ला, आसपासचा थोडा भाग, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत त्यांनी जे केलं, त्यामुळे तंजावर आज तंजावर आहे. नवविद्याशाळा काढली. देवनागरी खिळे (टाइप) असलेला छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. धन्वंतरी महालात देशी-विलायती वैद्यकाची सांगड घातली. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह ठेवलेली टिपणं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मूळ संग्रह नायकांचा, पण तो वाढवला सरफोजींनी. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तर तिकडूनही पोथ्या घेऊन आले. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा तो क्रम भरतनाट्यमची मुलगी आज पुण्यातही शिकते. हे भाऊ बृहदीश्वराच्या सेवेतल्या घराण्यातले होते.

आता १८०३ ची भिंत पुन्हा पाहा. कारभार गेलेला, फौज नाही, दत्तकाच्या हक्कावरून अकरा वर्षं वाद झालेला. अशा राजाला आपण कोण, कुणाचे, हे सांगण्यासाठी तंजावरात राजराजाच्या भिंतीपेक्षा पक्की जागा नव्हती. मजकूर बाबूराय चिटणिसांनी रचला. वंशाच्या आरंभापासून मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी असा तो सरफोजींपर्यंत येतो. मला तो दत्तक मुलाने जगासमोर मांडलेला पुरावा वाटतो.

पुरावा कामी आला नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि राजाची खासगी मालमत्ताही सील केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या न्यायालयाने, निकाल फिरवला: जप्ती ही सरकारची राजकीय कृती आहे, न्यायालयाला तीत हात घालता येत नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवतात. पुढे १८६२ मध्ये मालमत्ता राण्यांना परत मिळाली.

माणसं मात्र पांगली आणि पसरली. कुंभकोणमचे टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. तंजावरच्या राजकन्येचं १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांशी लग्न झालं, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकही बडोद्याला गेले. तंजावरचं कीर्तन अजूनही साकी आणि दिंडी हे मराठी छंद म्हणतं, मधलं निरूपण तमिळमध्ये. भोसल्यांचे वंशज राजवाड्यात राहतात आणि ८८ देवळांचं देवस्थान वंशपरंपरेने त्यांच्याकडे आहे.

ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत: कोठीचे हिशेब, नेमणुका, सणांचे खर्च. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांच्या तमिळ अनुवादाचे तीन खंड काढले. मोडी येणाऱ्या मराठी अभ्यासकांना त्या कागदांत अजून पुष्कळ काम आहे.