लिंक लपवली म्हणजे फाइल लपली का?

मागच्या वर्षी भाचीच्या क्लासच्या टेस्टचा निकाल पीडीएफमध्ये आला, लॉगिन करून उघडला आणि वर ॲड्रेसमध्ये बघितलं तर शेवटी तिचा रोल नंबर. शेवटचा आकडा एकने वाढवून एंटर मारलं तर दुसऱ्याच मुलीचे मार्क, घरचा पत्ता, पालकांचा मोबाइल सगळं समोर! लगेच टॅब बंद केला, क्लासला फोन केला, तर म्हणे "अहो पण ती लिंक आम्ही कोणाला देतच नाही". हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

हे फक्त छोट्या क्लासचं नाही. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन ही घराच्या मालकी हक्काचा विमा करणारी मोठी कंपनी आहे, २०१९ मध्ये तिची सुमारे ८८.५ कोटी रेकॉर्ड अशीच उघडी सापडली. बँक खात्यांचे नंबर वगैरे सगळं होतं त्यात. लिंकमधला नंबर बदलला की पुढचा कागद हजर, पासवर्ड नाहीच.

होतं असं की लॉगिन तपासतो तो साइटचा प्रोग्रॅम, पण फाइल पब्लिक फोल्डरमध्ये असली तर सर्व्हर ती थेट उचलून देतो, प्रोग्रॅमला विचारत पण नाही. गेटवर वॉचमन आणि मागे कंपाउंडच नाही. यावर लोक राइट क्लिक बंद करतात आणि "साइट १०० टक्के सुरक्षित" म्हणून विकतात, ते शुद्ध थोतांड आहे. ब्राउझरमधलं कुलुपाचं चिन्ह पण इथे कामाचं नाही, ते वाटेत कोणी वाचू नये म्हणून असतं. रोबोट्स फाइल (robots.txt) ही तर सर्च इंजिनला "इकडे बघू नका" अशी केलेली नुसती विनंती, उलट कुठे काय ठेवलंय ते त्यातून कळतं.

खरा उपाय म्हणजे फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवायची आणि दर वेळी विचारायचं, हा माणूस कोण आणि ही फाइल याची आहे का. दुसरा उपाय सही केलेली लिंक, आणि ही माझी फार आवडती गोष्ट आहे.

सर्व्हर एक मजकूर बनवतो, "अमुक फाइल, दुपारी ३ पर्यंत". त्यात फक्त स्वतःला माहीत असलेली गुप्त किल्ली मिसळून एसएचए-२५६ नावाच्या गणिती चरकातून काढतो, ६४ अक्षरांचा शिक्का मिळतो, तो लिंकला जोडतो. कोणी लिंक उघडली की फाइलचं नाव आणि वेळ लिंकमधूनच घेऊन शिक्का पुन्हा बनवायचा आणि ताडून बघायचा. ३ चे ४ केले तर शिक्का पूर्ण वेगळा येतो. आणि कोणाला कुठली लिंक दिली याची यादी ठेवावी लागत नाही, किती सुंदर आहे हे!

पण किल्ली आणि मजकूर नुसते एकामागे एक जोडून चालत नाही. एसएचए-२५६ मजकूर ६४ बाइटच्या घासांनी खातं आणि शेवटी जे बाहेर येतं ती त्याची आतली अवस्थाच असते, त्यामुळे किल्ली माहीत नसलेला माणूस पण तिथून पुढे चरक चालू करून मजकुराला शेपूट जोडू शकतो आणि नवा शिक्का खरा ठरतो. याच जातीची चूक २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या सह्यांमध्ये सापडली होती, तिथे चरक जुना एमडी५ होता एवढंच. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक या संशोधकांनी १९९६ मध्येच यावर एचमॅक नावाची पद्धत काढली होती. चरक दोनदा फिरवायचा. आधी किल्लीत एक ठरलेला आकडा एक्सऑर करून (म्हणजे बिट-बिट मिसळून) मजकुरासोबत, मग दुसरा आकडा एक्सऑर केलेल्या किल्लीसोबत पहिल्याचं उत्तर घालायचं. पहिल्या फेरीची अवस्था दुसऱ्या फेरीच्या पोटात जाते, बाहेर दिसतच नाही, मग शेपूट जोडणार कुठून?

मात्र ही लिंक ज्याच्या हातात त्याची. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली तर मुदत संपेपर्यंत कोणालाही उघडते. ॲमेझॉनच्या एस३ या फाइल साठवायच्या सेवेवर अशी लिंक जास्तीत जास्त ७ दिवस ठेवता येते, मार्कशीटसाठी ५ मिनिटं पण पुरतात, आणि क्लासवाल्यांना मी तेच कळवलंय.