कातड्याची वहाण आणि गोव्याचा पाऊस

गोव्यात आज पायाच्या आरोग्यासाठी म्हणून हाताने शिवलेल्या, नैसर्गिक चामड्याच्या वहाणा पुन्हा घडवल्या जाऊ लागल्या आहेत; परंतु त्यांची मूळ विद्या घाटावरची आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कित्येक आठवडे मुरवून कमवायचे आणि तळ, टाच, पट्टा व कान हे भाग खिळ्यांऐवजी चामड्याच्याच वादीने शिवायचे, ही कोल्हापुरी चपलेची रीत होय. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. त्यांपैकी बेळगाव जिल्हा गोव्याला लागूनच आहे. हे काम ढोर आणि चांभार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसून केले, याचा उल्लेख मात्र 'पारंपरिक ज्ञाना'चे कौतुक करताना सहसा टाळला जातो.

पोर्तुगीजांकडून कोकणी-मराठीला पादत्राणासाठी 'सपात' हा शब्द मिळाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ झाली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, चामडे मऊ व पाण्याला टिकाऊ झाले, आणि साल-हिरड्याचा धंदा आक्रसत गेला. स्वस्त रबरी चपलेने उरलेली कसर भरून काढली.

आरोग्याच्या दाव्याला थोडा आधार आहे, पण तो चामड्यापेक्षा वहाणेच्या आकाराला अधिक लागू पडतो. मणिपालच्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वाधिक होते. म्हणजे बोटे मोकळी ठेवणारी उघडी वहाण बंद बुटापेक्षा बरी, एवढे म्हणता येते. सालीने कमावलेले चामडे घाम शोषते आणि वापराने पायाच्या ठेवणीप्रमाणे बसते, हा त्याचा वेगळा गुण.

गोव्यात अडचण पावसाची आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात असे चामडे भिजून फुगते, वाळताना कडक होते आणि नुसत्या दमट हवेनेही त्यावर बुरशी धरते. घाटावरच्या कोरड्या हवेत जन्मलेली ही वहाण इथे जशीच्या तशी चालत नाही, हे घडवणाऱ्याने आधीच मान्य केलेले बरे. काहीजण तळाला रबर लावतात. त्याने तळ वाचतो, पट्टा वाचत नाही. ज्यांना निव्वळ चामडेच हवे, त्यांना मृगापासून चवथ उलटेपर्यंत ती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी लागते.