रिवॉर्ड क्रेडिट कार्ड

खर्च केला की त्यातला थोडासा भाग कॅशबॅक, पॉइंट किंवा विमानाच्या माइल्सच्या (म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, ज्यांवर तिकीट काढता येतं) रूपात परत देणारं क्रेडिट कार्ड म्हणजे रिवॉर्ड क्रेडिट कार्ड. परत मिळणारा भाग बहुतेक वेळा अर्धा ते दोन टक्के असतो, ठरावीक प्रकारच्या खर्चावर पाच टक्केपण मिळतो पण तिथे वरची मर्यादा लावलेली असते. हे कार्ड फायद्याचं की तोट्याचं यावर लोक तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजूंचं खरं असतं, कारण तेच कार्ड एकाला वर्षाकाठी चांगले पैसे वाचवून देतं आणि दुसऱ्याला कर्जात घालतं. फरक पडतो तो बिल कसं भरलं जातं आणि कार्ड हातात आल्यावर खर्च वाढला का, या दोन गोष्टींनी. बाकी सगळं, म्हणजे कुठलं कार्ड चांगलं, पॉइंट किती, विमानतळावरचं लाउंज आहे का, हे त्याच्यानंतर येतं.

सुरुवात कशी झाली

खरेदीवर काहीतरी परत द्यायची पद्धत कार्डांच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने ग्रीन स्टॅम्प सुरू केले, खरेदी केली की दुकानदार स्टॅम्प द्यायचा, लोक ते वहीत चिकटवत बसायचे आणि वह्या भरल्या की त्यावर वस्तू घ्यायचे. पॉइंटचा हिशोब आजही मुळात तोच आहे, फक्त वही गेली आणि अ‍ॅप आलं. कार्डांच्या सुरुवातीच्या काळातलं डायनर्स क्लबचं कार्ड १९५० चं, पण तेव्हा रिवॉर्ड वगैरे काही नव्हतं. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला अ‍ॅडव्हांटेज हा माइल्सचा प्रोग्रॅम काढला, १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्ड अमेरिकाभर आलं ते थेट कॅशबॅक घेऊन, आणि १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर कार्ड काढलं ज्यात विमानात न बसताही नुसत्या खर्चावर माइल्स जमायला लागले. आताचा सगळा बाजार या शेवटच्या दोन प्रकारांतून वाढलाय.

हे पैसे येतात कुठून

बँक पदरचे पैसे देत नाही हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण फायदा तोटा मोजायचा तर पैसा कोणाच्या खिशातून कोणाकडे जातोय ते माहीत पाहिजे. कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून फी कापली जाते आणि त्या फीचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. रिवॉर्डचा मुख्य खर्च यातूनच भागतो. याशिवाय बिल थकवणाऱ्यांकडून येणारं व्याज, लेट फी, वार्षिक फी आणि लोकांनी कधीच न वापरलेले, तसेच एक्स्पायर झालेले पॉइंट, हे सगळं बँकेच्या बाजूला जमा होतं.

इंटरचेंजचा आणि रिवॉर्डचा संबंध किती थेट आहे हे ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंजवर बंधन आणलं आणि कार्डांचे पॉइंट पातळ झाले, वार्षिक फी वाढल्या. युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने क्रेडिट कार्डाचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर आणि डेबिट कार्डाचं ०.२ टक्क्यांवर बांधलं, म्हणून तिथे अमेरिकेसारखी घसघशीत रिवॉर्ड देणारी कार्डं फारशी दिसत नाहीत. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही आणि रिवॉर्डही तिथेच सगळ्यात जोरात आहेत.

आता दुकानदार ही फी घरून भरत नाही, तो ती वस्तूच्या किमतीत घालतो, आणि ती किंमत रोख देणाऱ्यालाही तेवढीच पडते. म्हणजे ज्याच्याकडे कार्डच नाही त्याच्या खिशातूनही थोडे पैसे कार्डवाल्याच्या पॉइंटमध्ये जातात. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये याचा अंदाज मांडला होता, अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर देऊन बसतं आणि कार्ड वापरणाऱ्या घराला ११३३ डॉलर मिळतात, आणि कार्डवाली घरं सरासरीने जास्त कमाईची. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, आणि कार्डांच्या जाहिराती सोडा, कार्डांची तुलना करणाऱ्या लेखांतसुद्धा तिचा उल्लेख क्वचित असतो. एकट्या माणसाने कार्ड टाकून दिल्याने किमती उतरणार नाहीत हे खरंय, ते नियमांनीच होईल, पण रिवॉर्ड फुकट असतात असं म्हणणं मात्र चूक आहे.

विमान कंपन्यांचं तर गणितच बदललंय. त्या माइल्स बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते कार्डधारकांना वाटतात. २०२० मध्ये प्रवास ठप्प झाला तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपला माइलेजप्लस प्रोग्रॅम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. नुसत्या पॉइंटच्या प्रोग्रॅमवर एवढं कर्ज मिळतं, यावरून या धंद्यात किती पैसा आहे ते कळतं.

पॉइंटची खरी किंमत

जाहिरातीत पॉइंटचा आकडा असतो, पैशाचा नसतो, आणि लोक इथेच फसतात. दर १०० खर्चाला ४ पॉइंट ऐकायला छान वाटतं, पण एका पॉइंटची किंमत ०.२५ असेल तर हाती आला १ टक्का. दुसरं कार्ड १०० ला १ पॉइंट देत असेल आणि त्याच्या पॉइंटची किंमत पूर्ण १ असेल तर दोन्ही कार्डं सारखीच. शिवाय एकाच कार्डाच्या पॉइंटची किंमत तुम्ही ते कशावर वापरता त्यावर बदलते, बिलात वळते केले तर एक, गिफ्ट व्हाउचर घेतलं तर दुसरी, कॅटलॉगमधला मिक्सर नाहीतर बॅग घेतली तर बहुतेक वेळा सगळ्यात कमी, आणि एअरलाइनकडे ट्रान्सफर करून लांबच्या बिझनेस क्लासचं तिकीट काढलं तर सगळ्यात जास्त. पण ते तिकीट तुम्ही एरवी कधी काढलंच नसतं तर त्याची छापील किंमत धरून मला एवढा फायदा झाला म्हणणं बरोबर नाही. ज्या वस्तूसाठी मी रोख किती दिले असते तेवढीच तिची किंमत धरायची, मी तरी असाच हिशोब करतो.

आणि ही किंमत कंपनीच्या हातात असते. आज २५ हजार माइल्सला मिळणारं तिकीट पुढच्या वर्षी ४० हजारांना झालं तर तुम्ही काही करू शकत नाही, जमवलेले पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, त्यावर व्याज तर नाहीच उलट ते झिजत जातात. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यापेक्षा मिळतील तसे वापरावे. भाडं, इंधन, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, सरकारी भरणा अशा खर्चांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत, वस्तू परत केली की पॉइंटही परत जातात, आणि जास्त टक्के देणारी, तिमाहीला बदलणारी कॅटेगरी (खर्चाचा प्रकार) असेल तर ती अ‍ॅक्टिव्हेट करायला विसरलं की पाच टक्क्यांचा एक टक्का होतो.

व्याज लागलं की काय होतं

इथे जरा थांबून आकडे बघू. समजा महिन्याचं बिल आलं ४० हजार, रिवॉर्ड १ टक्का, म्हणजे ४०० मिळाले. ड्यू डेटला तुम्ही ३९ हजार भरले, हजार राहिले, म्हटलं पुढच्या महिन्यात भरू. आता बऱ्याच कार्डांच्या नियमात पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते, मग व्याज उरलेल्या हजारावर लागत नाही, तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून पूर्ण रकमेवर लागतं. महिन्याला ३ टक्के दर धरला, म्हणजे वर्षाला ३६, आणि खरेदीपासून भरण्यापर्यंत सरासरी ३५ दिवस गेले असं धरलं तर ४० हजारांवर व्याज होतं साधारण १३८०. चारशे मिळाले आणि तेराशे ऐंशी गेले, आणि नुसते हजार ठेवले होते मागे. वरून नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू, ते पूर्ण बिल मिटेपर्यंत थांबत नाही. अमेरिकेत २००९ च्या कार्ड अ‍ॅक्टनंतर भरलेल्या भागावर असं मागे जाऊन व्याज लावता येत नाही, पण उरलेल्या रकमेवर तिथेही जबर दर असतोच.

स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि मिनिमम ड्यू म्हणजे निदान एवढं तरी भरा अशी छोटी रक्कम. मिनिमम भरलं की लेट फी वाचते, व्याज वाचत नाही, आणि हे कितीतरी शिकल्या-सवरलेल्या लोकांना माहीत नसतं. मी पहिल्या कार्डावर तीन महिने मिनिमम भरत होतो आणि पॉइंट जमतायत म्हणून खुशीत होतो, व्याजाची ओळ स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर होती आणि मी दुसरं पान उघडलंच नव्हतं. त्या तीन महिन्यांच्या व्याजाची भरपाई पुढच्या दीड वर्षाच्या पॉइंटमधूनही झाली नाही. कार्ड घेतल्या दिवशीच पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावावं असं मी भेटेल त्याला सांगतो, मिनिममचं लावू नये, पूर्ण रकमेचं. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढणं तर त्याहून महाग, तिथे बिनव्याजी दिवस नसतात, वर फी लागते आणि पॉइंटही नाहीत.

खर्च वाढतो का

वाढतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त. एमआयटीमधले ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ चा प्रयोग यावर नेहमी सांगितला जातो, त्यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला, काही जणांना सांगितलं रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने द्यायचे, आणि कार्डवाल्यांनी साधारण दुप्पट बोली लावली. नोट हातातून सुटताना मनाला टोचते, कार्डाने ते टोचणं पुढच्या महिन्यावर जातं. त्यावर रिवॉर्ड आले की खर्च करणं म्हणजेच कमावणं असं वाटायला लागतं. दोन टक्के परत मिळतात म्हणून दहा टक्के जास्त खरेदी झाली तर तोटाच आहे, बिल वेळेवर पूर्ण भरलं तरीसुद्धा, आणि हा तोटा स्टेटमेंटवर कुठे लिहून येत नाही. वार्षिक फी माफ व्हायला अमुक एवढा खर्च करा, नवीन कार्डाच्या बोनससाठी तीन महिन्यांत तमुक एवढा करा, या अटी याच जागी बोट ठेवून बनवलेल्या असतात.

फायदे, आणि काही रिवॉर्डच्या पलीकडचे

एवढं सगळं वाचून कार्ड वाईटच असं कोणी समजू नये, शिस्तीने वापरणाऱ्याला फायदा खरोखर होतो. जो खर्च होणारच आहे, वीजबिल, किराणा, विमा, त्यावर एक दीड टक्का सुटला तर तो निव्वळ सुटला. खरेदी बिलाच्या महिन्याच्या सुरुवातीला झाली तर दीड महिन्यापर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. माझ्या मते यापेक्षाही मोठा फायदा संरक्षणाचा आहे. डेबिट कार्डावर फ्रॉड झाला तर तुमचे पैसे खात्यातून गेलेले असतात आणि ते परत मिळवायला तुम्ही भांडता, क्रेडिट कार्डावर तो बिलावरचा वाद असतो. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या कायद्यांनी चोरीच्या वापराची ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरवर आणून ठेवली, ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांवरच्या आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. पण हे फायदे साध्या, रिवॉर्ड नसलेल्या कार्डावरही मिळतात, म्हणून दोन कार्डांची तुलना करताना ते रिवॉर्डच्या खात्यात धरू नयेत. वेळेवर बिल भरलं आणि लिमिटचा थोडाच भाग वापरला तर क्रेडिट स्कोर सुधारतो, एकामागून एक कार्डांसाठी अर्ज टाकले तर उतरतो.

वेलकम बोनस, म्हणजे नवीन कार्ड घेतल्यावर मिळणारा बोनस, हा रिवॉर्डमधला सगळ्यात घसघशीत भाग. २०१६ मध्ये चेस या अमेरिकन बँकेने सफायर रिझर्व्ह कार्ड काढलं तेव्हा एक लाख पॉइंटचा बोनस होता, इतके अर्ज आले की धातूची कार्डं बनवायला धातू कमी पडला. त्या कार्डाची वार्षिक फी तेव्हा ४५० डॉलर होती, २०२५ मध्ये ७९५ झाली. फी वाढवताना सोबत कूपन आणि क्रेडिटची (ठरावीक खर्चावर परत मिळणाऱ्या रकमांची) यादीही वाढवतात, पण यादीतल्या ज्या गोष्टी तुम्ही कार्ड नसतानाही घेतल्या असत्या तेवढ्याच फीतून वजा करायच्या.

पॉइंटसाठी लोक कुठपर्यंत जातात याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून अमेरिकेची टांकसाळ ती छापील किमतीला, पाठवण्याचा खर्च न घेता घरपोच देत होती आणि क्रेडिट कार्ड चालत होतं. लोकांनी हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, खोके तसेच बँकेत नेऊन भरले, त्याच पैशांनी बिल मिटवलं आणि माइल्स खिशात टाकले. नाणी चलनात न जाता थेट बँकांच्या तिजोरीत परत यायला लागली तेव्हा टांकसाळीने २०११ मध्ये या नाण्यांसाठी क्रेडिट कार्ड घेणं बंद केलं.

कार्ड बंद करताना

हा भाग सहसा राहून जातो. बँकेचे स्वतःचे पॉइंट असतील तर कार्ड बंद झालं की ते बहुतेक वेळा लगेच जातात किंवा थोडे दिवस मिळतात, एअरलाइनच्या खात्यात आधीच गेलेले माइल्स मात्र राहतात. म्हणून आधी पॉइंट बिलात वळते करून घ्यावे, ते वळते झालेले स्टेटमेंटवर दिसू द्यावे, कार्डावर चालू असलेली सबस्क्रिप्शन दुसरीकडे हलवावीत आणि मग बंद करण्याचा अर्ज द्यावा. वार्षिक फी लागायच्या महिनाभर आधी हे केलं तर फीही वाचते, आणि कार्ड बंद करायला फोन केला की कितीतरी बँका फी माफ करायला किंवा फी नसलेलं कार्ड बदलून द्यायला तयार होतात. जुनं कार्ड असेल तर हा बदल बंद करण्यापेक्षा बरा, कारण खातं तेच राहतं आणि लिमिटही कमी होत नाही.