स्टोकसेला ‘किल्ला’ म्हणणं आतातरी थांबवा

यूके फिरून आलेल्या कुणाचाही अल्बम उघडा, दगडी बुरूज आणि खंदक दिसला रे दिसला की खाली ‘इंग्लंडमधला किल्ला’ लिहिलेलं असतंच आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. किल्ला आपल्याला कुणी शिकवायला नको, तट, बुरूज, जंग्या, शिबंदी, झालं. घोळ असतो तो मॅनर हाऊसचा.

मॅनर ही मुळात इमारतच नाही, ती जमीन. मध्ययुगात एका लॉर्डकडची शेतं, कुरणं, कुळं असं सगळं मिळून एक मॅनर, आणि त्याचा कारभार ज्या घरातून चालायचा ते मॅनर हाऊस. तिथल्या मोठ्या हॉलमधेच पंगती उठायच्या आणि बहुतेकदा तिथेच मॅनरचं कोर्टही भरायचं, म्हणजे कुणी खंड थकवला, कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली वगैरे. (अशा घरांच्या नावात हॉल, कोर्ट, ग्रेंज असंही असतं, त्यात फार शिरू नका.)

लोक फसतात ते चर्यांना, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्याला. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातलं स्टोकसे कॅसल घ्या. नावात कॅसल, बाहेर खंदक, वर चर्या, आणि तरी ते मॅनर हाऊसच! लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने 1281 मधे ही इस्टेट घेतली, 1291 मधे पहिल्या एडवर्डकडून चर्या बांधायचा परवानाही मिळवला. असा परवाना म्हणजे बऱ्याचदा निव्वळ रुबाब, राजाने आपल्याला मान दिला हे दारावरच दिसायला हवं ना. आता हॉलच्या खिडक्या बघा, चांगल्या उंचच्या उंच, आणि त्याही खंदकाकडे तोंड करून! वेढ्याची धास्ती असलेला माणूस बाहेरच्या भिंतीला अशी भगदाडं ठेवेल का? त्यावर कडी म्हणजे 1640 च्या सुमाराला बांधलेलं प्रवेशद्वार, लाकडी चौकटींचं, पिवळं, नक्षीदार. खरा किल्ला म्हणजे दारातच सगळ्यात जास्त दगड, आणि इथे दारातच सरपण.

1645 मधे राजा विरुद्ध पार्लमेंट अशा सिव्हिल वॉरच्या धामधुमीत पार्लमेंटची फौज दारात आली तेव्हा थोडी बोलाचाली झाली आणि आतल्यांनी घर सोपवून टाकलं. नंतर तटाची भिंत पाडली, घर तसंच ठेवलं, म्हणूनच हॉल आजही बघायला मिळतो.

गेलात तर जमिनीवर मधोमध असलेली अष्टकोनी चूल चुकवू नका, धूर थेट छपराकडे जायचा. मग बाहेरच्या जिन्याने मालकाच्या खोलीत जा, तिथे शेकोटीच्या दोन्ही बाजूंना छोटे झरोके आहेत. त्यांतून शत्रू-बित्रू काही दिसत नाही, खाली हॉलमधे कोण काय करतंय तेवढं दिसतं.