संक्रमणकालीन निवास (कौटुंबिक हिंसा आणि स्त्रियांची बेघरता)

कौटुंबिक हिंसेमुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रीला व तिच्या मुलांना ठरावीक मुदतीसाठी मिळणारी, शक्यतो स्वतंत्र कुलूपकिल्लीची राहती जागा. तातडीचा निवारा (आश्रयगृह) आणि कायमचे घर यांच्या मधला हा टप्पा असून मुदत बहुधा काही महिने ते दोन वर्षे असते. जुनी इमारत पाडताना रहिवाशांना हलवतात त्या संक्रमण शिबिराशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे.

हिंसेने बेघर झालेली स्त्री सहसा पदपथावर दिसत नाही. चार दिवस बहिणीकडे, आठवडाभर मैत्रिणीकडे असे तिचे चालते. त्यामुळे रस्त्यावरची माणसे मोजणाऱ्या गणनेतून ती निसटते. युरोपातील ‘एथॉस’ या बेघरतेच्या वर्गीकरणाने ही चूक बरीच सुधारली. त्यात महिला आश्रयगृहात राहणाऱ्या स्त्रिया बेघरांत मोडतात, आणि हिंसेच्या धाकाखाली अजून त्याच घरात राहणाऱ्यांचे घरही ‘असुरक्षित’ धरले जाते. छप्पर असणे म्हणजे घर असणे नव्हे, हे येथे स्पष्टपणे मान्य झाले.

घर सोडल्यावर धोका लगेच ओसरत नाही. विभक्त होण्याचा काळ अनेकदा सर्वांत जोखमीचा ठरतो. शिवाय भाडेकरार जोडीदाराच्या नावावर, बँक खाते त्याच्या हाती आणि कागदपत्रे मागे राहिलेली. नवा घरमालक मात्र अनामत रक्कम, पगाराची पावती आणि आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र मागतो. पोटगीचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा महिनोन्‌महिने चालतो, आश्रयगृहातली मुदत मात्र अनेक ठिकाणी काही आठवड्यांचीच. या दोन कालावधींचा मेळ बसत नाही, म्हणूनच मधल्या निवासाची गरज पडते. तो नसेल तर मारहाण करणाऱ्याकडेच परतणे हा अनेकींपुढचा एकमेव पर्याय उरतो.

लंडनमधील चिझिक येथे १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी सुरू केलेले केंद्र हे आधुनिक आश्रयगृहांपैकी अगदी सुरुवातीचे. अमेरिकेत बेघरांच्या मदतीसाठीच्या १९८७ च्या मॅकिनी कायद्यानंतर संक्रमणकालीन निवासाला संघराज्याचा निधी मिळू लागला. तेथे कमाल मुदत २४ महिन्यांची आहे. स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठीच्या युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल कराराने पुरेशी आश्रयगृहे उभारणे तो स्वीकारणाऱ्या राष्ट्रांवर बंधनकारक केले.

निवास एकाच इमारतीत असतो किंवा वस्तीत विखुरलेल्या भाड्याच्या घरांत. पत्ता गुप्त ठेवतात. समुपदेशन, कायदेशीर मदत, पाळणाघर, नोकरीचा शोध या सेवा जोडलेल्या असतात. पण त्या सक्तीच्या केल्या, रात्री परतण्याची वेळ नेमून दिली, पाहुण्यांवर बंदी घातली, की नवऱ्याच्या पहाऱ्यातून सुटलेली बाई संस्थेच्या पहाऱ्यात जाते. हा आक्षेप रास्त आहे.

दुसरा आक्षेप मुळावरचा आहे: मधला टप्पा हवाच कशाला, थेट कायमचे घर द्यावे. अमेरिकेत बेघर कुटुंबांच्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात (२०१६) दीर्घकालीन भाडे-साहाय्याचे परिणाम संक्रमणकालीन निवासापेक्षा सरस आढळले. मात्र जिला पत्ताच लपवावा लागतो तिला भाड्याच्या पैशांइतकीच सुरक्षेचीही निकड असते.

तिसरा मार्ग स्त्रीऐवजी हिंसकालाच बाहेर काढण्याचा. ऑस्ट्रियाने १९९७ मध्ये पोलिसांना तो अधिकार दिला. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातही सामायिक घरात राहण्याचा हक्क आणि प्रतिवादीला घर सोडायला लावणारा निवास-आदेश आहे. आदेश झुगारून जो पुन्हा दार ठोठावतो, त्याच्यापुढे हा मार्ग अपुरा पडतो.